ढाबळीतली मारामारी

कबूतर शांतीचे प्रतीक खरे, पण एका खणासाठी दोन नर भिडले की डोक्यावरची पिसे उपटली जातात, पंखांचे सटासट फटके बसतात. शर्यतीचे कबूतर मूळच्या पारव्याचाच वंशज. कंधार, औसा, उदगीरच्या किल्ल्यांत कोनाडा राखणारा पारवा आणि नांदेड-लातूरच्या गच्चीवरचा नर, खोड एकच.

खरा कहर विणीच्या काळात. मादी दोन अंडी घालते. नर-मादी साधारण १८ दिवस ती आळीपाळीने उबवतात, दिवसा बहुतेक नर. पिल्ले दोन-तीन आठवड्यांची होतात न होतात तोच जोडी पुढच्या अंड्यांसाठी जागा शोधू लागते आणि नर शेजाऱ्याच्या खणात घुसतो. चुकून परक्या खणात शिरलेले पिल्लू तर टोचून रक्तबंबाळ होते.

म्हणून प्रत्येक जोडीला दोन खण द्यावेत. बसायच्या जागा पक्ष्यांपेक्षा जास्त असाव्यात, वीण नको तेव्हा नर-माद्या वेगळ्या ठेवाव्यात. नवा नर आधी काही दिवस त्याच्या खणात जाळीमागे कोंडावा.

बेल्जियमचे शौकीन हीच खुमखुमी कामी लावतात. नराला आठवडाभर मादीपासून दूर ठेवतात, शर्यतीआधी क्षणभर भेटवतात. मग गडी घराकडे सुसाट!

जागाच अपुरी असेल, तर मात्र पक्षी कमी करण्याला पर्याय नाही.