अंगावरचे वाद्य आणि पायाखालची जागा

अंगावर वाद्य बांधून चालणे आपल्या खानदेशाला नवीन नाही. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातील काठी गावी, होळीला आदिवासी बांधव कमरेला घुंगरे व वाळलेले भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून रात्रभर नाचतात. पाऊल पडले की कंबर वाजते. अनेकांची पावले मिळाली की त्याचे संगीत होते. तेथे वाजवणारा एक नि ऐकणारा दुसरा, असा भेद नाही.

या कल्पनेला आता यंत्राची जोड मिळाली आहे. २००६ साली पॅरिसमध्ये आताउ तानाका आणि पेट्रा गेमाइनबेक या कलावंतांनी ‘नेट डेरीव्ह’ नावाचा प्रयोग केला. भाग घेणाऱ्याने मफलरासारखा पट्टा गळ्यात घालून रस्त्याने हिंडायचे. सोबत मोबाइल आणि जागा ओळखणारे जी.पी.एस. यंत्र. माणूस हिंडेल तसे त्याच्या कानातले संगीत बदले, आणि इतर हिंडणाऱ्यांचा भागही त्यात मिसळे.

यंत्राला जागा कळते कशी? सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत वेळेचे संदेश पाठवीत असतात. संदेश पोचण्यास किती वेळ लागला यावरून उपग्रहाचे अंतर निघते. चार उपग्रहांचा हिशेब जमला की जागा काही मीटरांच्या फरकाने कळते. मात्र यंत्र येथे नुसते ऐकते. आपण जळगावच्या नेहरू चौकात आहोत की धुळ्याच्या आग्रा रोडवर, याचा उपग्रहास पत्ता नसतो. ही जागा दुसऱ्याला समजते ती जोडलेल्या मोबाइलने कळवली तरच.

कळणे आणि कळवणे यांतल्या या फरकावरच सारा प्रश्न उभा आहे. नागपूर महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर २०२० पूर्वीच जी.पी.एस. घड्याळे आली. उपग्रह तेच, युक्तीही तीच. पण तेथे संगीत नाही, हजेरी आहे. पॅरिसच्या माणसाने पट्टा हौसेने घातला. कंटाळला तर काढून ठेवील. झाडूवाल्याला घड्याळ काढताना पगाराचा विचार करावा लागतो. कामाची हजेरी घेण्यात वावगे काही नाही. परंतु ती कोठवर घ्यावी आणि कोणी पाहावी, हे ठरवणाऱ्या बैठकीत कामगारही बसला पाहिजे.

उद्या आपल्या गणेशोत्सवात कोणी असे वाद्य आणले, तर तीन प्रश्न जरूर विचारा. माझी जागा कोणाला कळवली जाते? ती किती दिवस साठवली जाते? आणि मनात येईल तेव्हा पट्टा मला काढता येतो का? उत्तरे समाधानाची मिळाली, तर खुशाल कमरेला बांधा आणि नाचा.