कुलूप स्फुरदाचं, किल्ली विकरांकडे!

पॉलिहाऊसमधल्या सेंद्रिय टोमॅटोला, ढोबळी मिरचीला, काकडीला आपण शेणखत भरभरून घालतो. त्यातला सेंद्रिय रूपातला स्फुरद मुळांच्या पदरात पडतो तो मातीतल्या विकरांमुळे, म्हणजेच एन्झाइम्समुळे. त्यांच्या कामाच्या या दहा गमती.

१. सोन्याऐवजी स्फुरद
१६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने सोनं मिळेल या आशेने माणसाची लघवी आटवली. हाती आला अंधारात चमकणारा फॉस्फरस! गोमूत्रात मात्र तो जेमतेम असतो. गाय आपला बहुतेक स्फुरद शेणावाटे टाकते. म्हणून स्फुरदासाठी भरवसा शेणावरच.

२. साठा मोठा, हाती थोडा
मातीत स्फुरद भरपूर असला, तरी मुळांना चालतो तो पाण्यात विरघळलेला फॉस्फेटच. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला कॅल्शियम धरून ठेवतं, कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असला की त्याची सुटका सर्वात सोपी.

३. एका कड्याला सहा फॉस्फेट
मातीतल्या स्फुरदाचा मोठा हिस्सा, अनेकदा निम्म्याच्या आसपास, सेंद्रिय रूपात असतो. त्यात फायटेट महत्त्वाचं. त्याच्या एकेका कड्यासारख्या रेणूला सहा फॉस्फेट जोडलेले असतात. मूळ ते तसंच शोषू शकत नाही. फायटेज आणि फॉस्फेटेज ही विकरं एकेक फॉस्फेट तोडून मोकळा करतात.

४. कोण कुठून येतं?
आम्ल फॉस्फेटेज मुळंही सोडतात आणि सूक्ष्मजीवही. अल्कली फॉस्फेटेज मात्र मुख्यतः सूक्ष्मजीवांचं. ते भरपूर सापडलं, तर मातीतले सूक्ष्मजीव जोमात आहेत असं समजायला हरकत नाही.

५. टंचाई पडली की कामाला जोर
उपलब्ध स्फुरद कमी पडला की मुळं आणि सूक्ष्मजीव जास्त फॉस्फेटेज सोडतात. तो मुबलक झाला की हात आखडता घेतात. त्यामुळे विकरांचा आकडा एकटा वाचू नये, उपलब्ध स्फुरदाच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा.

६. जीव गेला, काम चालूच
विकर सोडणारा जिवाणू मेला, तरी विकर मातीच्या कणांना आणि ह्यूमसला चिकटून काम करत राहतं. सेंद्रिय पदार्थ टिकवलेल्या मातीचा हा मोठा फायदा.

७. पिवळा रंग सांगतो
तबताबाई आणि ब्रेमनर यांनी १९६९ मध्ये मांडलेली चाचणी आजही वापरात आहे. मातीत एक खास फॉस्फेट संयुग मिसळायचं, ३७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं. फॉस्फेटेजने ते तोडलं की पिवळा रंग उमटतो. रंग जितका गडद, तितकं विकर कामसू.

८. कोंबडीला न पचलेलं
धान्यातलं फायटेट कोंबडीला नीट पचत नाही, म्हणून कोंबडीखतात स्फुरद दणकून असतो. नत्राचा हिशेब धरून कोंबडीखत किंवा शेणखत दिलं, तर स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडतो आणि हंगामागून हंगाम साचत जातो. अतिरेक झाला की पिकाला जस्ताची टंचाई जाणवू शकते.

९. बुरशीचा लांब हात
मुळं स्फुरद ओढतात तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावरून. मायकोरायझा बुरशीचे तंतू त्याच्या पलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत पोचतात. टोमॅटो, मिरची, काकडीशी तिचं जमतं. कोबी, फ्लॉवर, पालकाशी जमत नाही, तिथे तिच्यावर खर्च नको. आणि स्फुरद साचलेल्या बेडमध्ये तीही मंदावते.

१०. युरोपात मातीच हवी
युरोपीय संघाच्या नियमानुसार हरितगृहातली सेंद्रिय भाजी खालच्या थराशी जोडलेल्या जिवंत मातीतच वाढलेली असावी लागते. हायड्रोपोनिक्सला सेंद्रियचा शिक्का मिळत नाही. फिनलंड, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या काही जुन्या वाफ्यांना तेवढी २०३० अखेरपर्यंत सवलत आहे.

आता आपल्या बेडकडे वळा. थंडीत टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी दिसली, तर लगेच खताची पाटी उचलू नका. गार मातीत मुळांना असलेला स्फुरदही घेता येत नाही. आधी माती परीक्षण करा. उपलब्ध स्फुरद जास्त निघाला, तर कोंबडीखत थांबवा आणि दोन पिकांच्या मध्ये ताग किंवा धैंचा घेऊन गाडा. त्यातून हवेतलं नत्र मिळेल आणि बाहेरून नवा स्फुरदही येणार नाही. बेडमध्ये ओल टिकवा, माती उघडी ठेवू नका. विकरांना जपलं, तर मातीत आधीच असलेला स्फुरद पिकाला मिळेल आणि विकतच्या खताचा खर्चही वाचेल.