निवडलेला शब्द

लासलगावच्या बाजार-समितीच्या आवारात सकाळी कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. व्यापारी एकेका ट्रॉलीपुढे थांबून बोली लावतात आणि सर्वत्र एकच गलबला चाललेला असतो. अशा वेळी कोणी आपले नाव घेऊन हाक मारली, तर ती मात्र नेमकी आपल्या कानी पडते. १९५३ साली कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने मनाच्या या शक्तीवर प्रयोग केले. पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांना असे आढळले की, एका कानातील मजकुराकडे पूर्ण लक्ष दिलेले असतानाही, दुसऱ्या कानात उच्चारलेले स्वतःचे नाव काही लोकांना ऐकू येते.

कानाला जे सहज साधते, ते डोळ्यांसाठी मुद्दाम साधावे लागते. जुन्या पोथ्या लिहिणारे लेखक अध्यायाची समाप्ती किंवा महत्त्वाचे शब्द तांबड्या रंगाने उठून दिसतील असे करीत. चुकलेल्या अक्षरांवर ते पिवळी हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला आहे.

आता पोथीची जागा मोबाइलने घेतली आहे. शेतकऱ्यांच्या एकाच गटात दिवसभरात कितीतरी संदेश येतात. बाजारभाव, पावसाचा अंदाज, वाढदिवसाच्या शुभेच्छा, विनोद, आणि सुप्रभात तर विचारूच नका! यांतून आपल्या कामाचा संदेश कसा हुडकावा? त्यासाठी संभाषणाच्या काही प्रोग्रामांत एक सोय असते. आपल्याला हवे ते शब्द आधी सांगून ठेवायचे. मग तो शब्द असलेला संदेश आला की तो रंगून उठतो, किंवा सूचनेचा नाद होतो. १९८८ साली फिनलंडमधील जार्को ओइकारिनेन यांनी संगणकावरील गप्पांसाठी ‘आयआरसी’ ही व्यवस्था निर्माण केली. तिच्यासाठी पुढे तयार झालेल्या अनेक प्रोग्रामांत ही सोय होती.

हे घडते कसे? संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. युनिकोड या जागतिक संकेतानुसार प्रत्येक खुणेला एक क्रमांक दिलेला आहे. ‘क’ला २३२५, काना २३६६, अनुस्वार २३०६ आणि ‘द’ला २३४२. म्हणजे ‘कांदा’ हा शब्द संगणकाच्या लेखी २३२५, २३६६, २३०६, २३४२, २३६६ अशी पाच आकड्यांची माळ होय. येणाऱ्या प्रत्येक संदेशात तो हीच माळ शोधतो. सापडली की तेवढा भाग रंगवतो.

येथेच मराठीचा पेच पडतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालणारा आदेश काढला. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली. लासलगावच्या शेतकऱ्याला याहून मोठी बातमी कोणती? पण ‘कांदा’ हा शब्द निवडून ठेवलेल्याच्या पडद्यावर ‘कांद्याच्या निर्यातीवर बंदी’ हे शब्द काळेच्या काळेच राहतील! व्याकरणाच्या तासाला आपण शिकतो त्याप्रमाणे, विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘कांदा’चे ‘कांद्या’ होते. पाचव्या जागी काना असावयास हवा, तेथे ‘द’चा पाय मोडल्याची खूण, म्हणजे २३८१, येते. माळ तुटली. सामान्यरूपाचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य पाहावे.

यावर उपाय म्हणून काही जण नुसते ‘कांद’ एवढेच लिहून ठेवतात. मग कांदा, कांदे, कांद्याला ही सारी रूपे सापडतात. पण मुंबईच्या कांदिवलीला राहणाऱ्या मामांचा निरोपही रंगून येतो. ‘भाव’ निवडला तर ‘स्वभाव’ आणि ‘अभाव’ही रंगतात. पूर्ण शब्दच जुळावा अशी अट घातली, तर ‘भावात घसरण’ निसटते. आणि ‘माझ्या भावाने ट्रॅक्टर घेतला’ या वाक्यातला भाव बाजारातला नसून घरातला आहे, हे आकड्यांवरून ओळखणार कसे? शिवाय मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिणारेही पुष्कळ आहेत. त्या अक्षरांचे क्रमांक सर्वस्वी निराळे असतात.

शब्दाची सर्व रूपे एकेक करून यादीत घातली, तर पुष्कळ काम भागते: कांदा, कांदे, कांद्या. त्यांच्या जोडीला निर्यात, लिलाव, आवक हेही शब्द घालावेत. हा व्याकरणाचा चांगला अभ्यासही होतो. तथापि, समजा, गटात एवढाच संदेश आला: ‘उद्या मार्केट बंद.’ त्यात कांदा नाही, भाव नाही, लिलावही नाही. तो रंगावाचूनच वर सरकून जातो. ज्याने तो वाचला, तो ट्रॉली भरण्याचे थांबवतो. ज्याने केवळ रंगलेले संदेश पाहिले, तो पहाटे पंचवीस कोस चालून आलेल्या ट्रॅक्टरसह बंद फाटकापुढे उभा असतो.