दवाखान्यातून घरी परतल्यानंतर

विमा म्हणजे उपकार नव्हे. पुष्कळांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याने उचलायचे, हे त्याचे साधे सूत्र होय. याच सूत्रावर 1948 च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना उभी राहिली. 1954 मध्ये ती नागपुरास आली. आजारी कामगाराला औषधोपचार मिळू लागला, शिवाय पडलेल्या मजुरीचा काही भागही. पण या योजनेला हजेरीपट लागतो, मालक लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्याला आणि बांबू कापणाऱ्याला कायमचा मालक कुठला?

राज्याची जीवनदायी योजना 2012 साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेतून कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही मिळकत लहान नव्हे. परंतु ती इस्पितळाच्या खाटेशी बांधलेली आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजनाही घरी परतल्यावर 15 दिवसांपर्यंतचाच खर्च धरते. सोळाव्या दिवशी काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतील 2011 ते 2013 मधील मृत्यू तपासले, तेव्हा लकवा हेच सर्वांत मोठे कारण निघाले. शंभरात सुमारे चौदा. लकव्यातून जे वाचतात त्यांना कूस पालटून देणे, भरवणे, धरून चालवणे, हे सारे बहुधा घरची बाईच करते. ऐन तेंदूच्या हंगामात तिची मजुरी बुडते. घर दोन कमाईंना मुकते.

जर्मनीने 1995 पासून आणि जपानने 2000 पासून शुश्रूषेचाच विमा चालवला आहे. जपानात चाळिशीपासून वर्गणी भरावी लागते. निम्मा भार सरकारी तिजोरी उचलते. जर्मनीत सांभाळ करणाऱ्या नातेवाइकाचा निवृत्तिवेतनाचा हप्ता ठरावीक अटींवर विमानिधी भरतो.

श्रीमंत देशांचे आम्हांस काय, असे कोणी म्हणेल. उत्तर महाराष्ट्रातच आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने ठिकाण बदलणाऱ्या हमालासाठीही मंडळ नेमले आणि मजुरीवर लेव्ही बसवून ती काम देणाऱ्याकडून वसूल केली. तशीच लेव्ही तेंदूपत्ता व बांबूच्या खरेदीवर व्यापाऱ्याकडून घ्यावी, तितकीच भर सरकारने घालावी. त्यातून गावात शिकवलेली पगारी शुश्रूषिका आणि सांभाळणाऱ्यास बुडीत मजुरी द्यावी. निधी सर्वांना पुरणार नाही. म्हणून आरंभ अंथरुणाला खिळलेल्यांपासून व्हावा.

इस्पितळाने जीव वाचवला, एवढ्याने समाजाचे देणे फिटत नाही. वाचलेल्या माणसाचा भार एकट्या बाईच्या माथी टाकून आपण मोकळे होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.