कमिटचा अधिकार कुणाला?

ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड कुणीही वाचावा, उतरवून घ्यावा, आपल्यापुरता बदलावा. त्याला आडकाठी नसते. मूळ भांडारात थेट बदल नोंदवण्याची मुभा मात्र मोजक्यांनाच असते. यालाच कमिटचा अधिकार म्हणतात आणि तो ज्याच्याकडे असतो तो कमिटर. बाकीचे आपली दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवतात. कमिटर ती तपासतो, शंका विचारतो आणि पटली तरच कोडमध्ये घेतो.

हा अधिकार देण्याची रीत अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनने बरीच नीट बसवली आहे. एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरचे काम थंडावले, तेव्हा १९९५ मध्ये तो वापरणाऱ्या काही जणांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि अपाचे सर्व्हर उभा राहिला. फाउंडेशन १९९९ मध्ये स्थापन झाले. तिथे कमिटर होण्यासाठी अर्ज करायचा नसतो. सातत्याने काम करणाऱ्याचे नाव प्रकल्प समितीतलाच कुणी सुचवतो. चर्चा खासगीत होते, म्हणजे उणिवांवर मोकळेपणाने बोलता येते आणि नाव मागे पडले तरी त्या माणसाचा चारचौघांत अपमान होत नाही. समितीचा होकार आला की मग त्याला विचारले जाते. अधिकार व्यक्तीला मिळतो, तिच्या कंपनीला नाही. नोकरी बदलली तरी तो कायम राहतो.

पारख नेमकी कशाची होते? कोडच्या ओळी मोजून फारसे काही कळत नाही. टीका झाल्यावर माणूस कसा वागतो, आपल्या बदलाने काही मोडले तर ते निस्तरायला थांबतो का, ज्या भागातले कळत नाही तिथे हात घालण्याआधी विचारतो का, हे पाहावे लागते आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. अपाचेत कागदपत्रे लिहिणे, नवख्यांच्या शंका सोडवणे हेही योगदानच मानतात. फ्रीबीएसडी प्रकल्पात नव्या कमिटरला एक मार्गदर्शक नेमून देतात. सुरुवातीला त्याच्या संमतीशिवाय बदल नोंदवता येत नाही. ही पद्धत इतरांनीही उचलावी इतकी चांगली आहे.

इतकी वाट पाहूनही फसगत होऊ शकते. एक्सझेड हे फाइली आकुंचित करण्याचे साधन असंख्य लिनक्स संगणकांवर असते, पण ते मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ पासून ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी चांगले पॅच पाठवू लागले. २०२२ मध्ये इतर काही खात्यांनी कामाच्या संथपणाबद्दल तक्रारी करून आणखी एक सांभाळणारा नेमण्याचा दबाव आणला. तान यांना अधिकार मिळाले आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला गेला. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आन्द्रेस फ्रॉइन्ड यांना तो सापडला. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी तो जाहीर केला. तोवर या आवृत्त्या प्रामुख्याने चाचणीच्या आणि सतत अद्ययावत होणाऱ्या लिनक्स वितरणांतच पोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

फ्रॉइन्ड स्वतः पोस्टग्रेस या डेटाबेस प्रकल्पाचे कमिटर. तिथे एकाने लिहिलेला पॅच इतरांनी तपासण्याची जुनी शिस्त आहे. एक्सझेडमध्ये कमी पडला तो हा दुसरा डोळा. थकलेल्या एकट्या माणसाने मदतीचा हात स्वीकारला, यात त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. आता अनेक प्रकल्पांत दुसऱ्या कमिटरच्या मान्यतेशिवाय बदल मुख्य शाखेत जात नाही आणि खात्याला पासवर्डखेरीज दुसरी खूणही लागते. एक्सझेडच्या चोरदरवाजाचा एक दुवा तर भांडारात नव्हताच. तो फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. त्यामुळे असा गठ्ठा कुणा एकाच्या संगणकावर न बांधता उघड्या भांडारातूनच तयार करावा, आणि तो जुळतो का हे कुणालाही पडताळता यावे, असा आग्रह धरला जातो.