थांबविण्याचा अधिकार

सरसेनापती दाभाड्यांच्या गढीमुळे इतिहासात विख्यात असलेले इंद्रायणीकाठचे इंदुरी अलीकडे सर्वतोमुखी झाले, ते १५ जून २०२५ रोजी जवळच्या कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांसह नदीत कोसळून चार जीव गेले म्हणून. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता, हे वाचल्यापासून मला एका प्रश्नाने ग्रासले होते: जेथे फलकांची नि हुकमांची वानवा नाही, तेथे माणूस वाचतो तरी कशाने? त्याच विवंचनेत मी तळेगाव-चाकण रस्त्यालगतच्या, मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या एका लहान कारखान्यात गेलो.

पत्र्याला लावलेल्या तेलाचा उग्र, किंचित जळकट वास दारातच भेटला. पत्रा प्रेसच्या डायवर ठेवावा, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबावीत, ठोका पडला की तुकडा चिमट्याने काढावा, एवढेच काम. परंतु पाळी संपेपर्यंत ते अखंड करावयाचे. दोन बटणांची योजना अशासाठी, की दोन्ही हात गुंतल्यावाचून प्रेस खाली येऊ नये. मालाची निकड वाढली, की एक बटण बांधून ठेवण्याचा अथवा पायाच्या पेडलवर काम उरकण्याचा मोह होतो, आणि बोटे जातात ती नेमकी तेव्हा.

उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गमावलेल्या, पोरांनी 'मामा' म्हणून गौरविलेल्या एका प्रौढ ऑपरेटरकडे माझी दृष्टी वारंवार वळत होती. पाळीच्या आरंभी त्यांनी, हात मध्ये आल्यास प्रेस थांबविणाऱ्या सेन्सरसमोर, लाकडी काठी धरली. प्रेस थांबावयास हवी होती, ती थांबली नाही. त्यांनी तत्काळ मेन स्विच बंद करून कुलूप घातले.

"मामा, गाडी उभी आहे," सुपरवायझर म्हणाले.

"आधी सेन्सर बघा, साहेब."

सुपरवायझरांनी वाद घातला नाही, वायरमनला बोलाविले.

"आमच्याकडे माणसं चाळीसच," ते मला नंतर म्हणाले. १९४८च्या कारखाने कायद्यात सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती एक हजार कामगारांपासून होती. नव्या श्रमसंहितेने सर्वसाधारण कारखान्यांपुरती ती मर्यादा पाचशेवर आणली. येथे चाळीस माणसे, म्हणजे ऐंशी हात, आणि त्यांतील बहुतेक कंत्राटी. दरवर्षी ४ मार्चला सुरक्षेची शपथ सर्वत्र घेतली जाते, ती घ्यावीही. परंतु यंत्र थांबविले म्हणून उद्या गेटवर अडविले जाणार नाही, ही खात्री ज्या कंत्राटी पोराला नाही, त्याच्या शपथेला बळ कोठून यावे? मामांना कायम नोकरीचा आधार आहे. त्या पोराला तो नाही. माल मिनिटांच्या हिशेबाने मागविणाऱ्या मोठ्या कारखानदारांनी या चाळीस माणसांना उसंत देण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वायरमन सेन्सर उघडून बसला असता सुपरवायझरांनी माल मागविणाऱ्या चाकणच्या कारखान्याला फोन लावला. उशिराचे कारण विचारले गेले असावे. त्यांनी "सेन्सर बिघडलाय" एवढेच सांगितले, मामांचे नाव घेतले नाही.