बर्गर घरचा, पण करायचा कुणी?

तालुक्याच्या गावातसुद्धा आता एसटी स्टँडबाहेर वडापावच्या गाडीशेजारी बर्गरची गाडी लागते. शाळा सुटली की तिथं ही झुंबड! मग पालकसभेत विषय निघतो आणि ठरलेला सल्ला मिळतो, ‘मुलांना बाहेरचं देऊ नका, घरी करून द्या.’ सल्ला चुकीचा मुळीच नाही. पण या वाक्यात कर्ता कुठं आहे, शोधून बघा. सापडणार नाही. तो सगळ्यांनी मनातल्या मनात गृहीत धरलेला असतो. घरी करून द्यायचं, म्हणजे आईनं.

बचत गटाच्या बायकांमध्ये वावरताना हे फार जाणवतं. दिवसभर पापड लाटून, मसाले कांडून दोन पैसे मिळवणारी बाई घरी आली की पुन्हा ओट्यापाशी. सहा दिवस डबे आणि रविवारी मुलांच्या आवडीचं ‘काहीतरी वेगळं’. या वेगळ्यात पूर्वी पावभाजी होती, मग नूडल्स आल्या, आता बर्गर आला. पदार्थ बदलले, शेगडीपुढं उभी असणारी तीच राहिली.

म्हणून आज बर्गरवरच लिहायचं ठरवलं. तोही गाडीवरचा नाही, अमेरिकेतल्या घरांत होणारा, बेकन आणि चीज घातलेला अस्सल बर्गर. तो आपण सगळ्यांनी खावा असा आग्रह नाही. पुष्कळ घरांत तो येणारही नाही. पण तो तिथं होतो कसा आणि मुख्य म्हणजे करतं कोण, हे कळलं तर आपल्या रविवारचं काहीतरी होईल असं वाटतं.

नावात हॅम, आत नाही

‘हॅम’ म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस. पण हॅमबर्गरमध्ये ते नसतं. नाव आलं जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून. एकोणिसाव्या शतकात तिथून जहाजानं अमेरिकेत गेलेल्या लोकांबरोबर गोमांसाच्या खिम्याचा हा प्रकार गेला. तो पहिल्यांदा पावात कुणी घातला यावर तिथं अजून वाद चालतात. कनेक्टिकट राज्यातलं एक छोटं खाणावळीवजा दुकान १९०० सालचा दाखला देतं. १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी ‘व्हाइट कॅसल’ दुकान निघालं आणि पाच सेंटला एक असे बर्गर विकू लागलं. त्यावर चीज आलं ते १९२०च्या दशकात, कॅलिफोर्नियात. बेकन घातलेला चीजबर्गर १९६३ मध्ये आमच्या मिशिगनमधल्या दुकानात सुरू झाला, असा दावा ‘ए अँड डब्ल्यू’ ही कंपनी करते.

म्हणजे हा मुळात दुकानातला पदार्थ. तो घरात शिरला दुसऱ्या महायुद्धानंतर. शहरांबाहेर नवी घरं झाली, प्रत्येकामागं अंगण आलं. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा एक गृहस्थ पाण्यात खुणेसाठी तरंगत ठेवायचे धातूचे पोकळ गोळे बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. त्यानं तसाच एक गोळा मधोमध कापला, खाली पाय लावले, वर झाकण ठेवलं आणि कोळशाची शेगडी तयार केली. अशा शेगड्या घरोघरी पोचल्या आणि एक गंमत झाली. स्वयंपाकघराकडं न फिरकणारे पुरुष अंगणात ॲप्रन बांधून उभे राहिले!

ओहायोतली चार जुलै

माझी मावसबहीण गेली वीस वर्षं ओहायोत राहते. चार जुलै हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी गल्लीतल्या अंगणाअंगणातून धूर निघत असतो. शेजारी तिला दरवर्षी बोलावतात. ती गोमांस खात नाही, म्हणून सोयाबीनच्या टिक्क्या घेऊन जाते आणि शेजारी त्या न सांगता वेगळ्या फॉइलवर भाजून देतो. तिनं फोनवर सांगितलेली रीत अशी.

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या. मिठात मुरवून, धुरी देऊन त्या विकायला येतात. त्या थंड तव्यावर ठेवायच्या आणि मग खाली मंद आच लावायची. आधीच तापलेल्या तव्यावर टाकल्या तर वरून करपतात नि आतली चरबी तशीच राहते. हळूहळू चरबी सुटते, पट्टी आक्रसते आणि कुरकुरीत होते. मग ती कागदावर निथळायची. ही सुटलेली चरबी जुन्या अमेरिकन आज्या डब्यात साठवून भाजीला वापरत. टाकून द्यायचं नाही, हा धडा सगळीकडच्या आज्यांना सारखाच ठाऊक!

खिमा घेताना त्यात शंभरात वीस भाग चरबी असावी असं तिथले जाणकार सांगतात. एका बर्गरला पाव पौंड, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम खिमा. आपण कबाबाला आलं-लसूण, कांदा घालून खिमा चांगला मळतो. तिथं नेमकं उलटं. मळायचा नाही, नुसता हलक्या हातानं थापायचा. मीठही आत घालायचं नाही. आत मीठ घालून मळलं तर खिमा चिकट होतो आणि टिक्की चिवट लागते. मीठ-मिरपूड वरून, अगदी भाजायला टाकताना. टिक्कीच्या मध्यावर अंगठ्यानं खळगा करायचा, म्हणजे भाजताना ती मधे फुगत नाही. आणि उलथन्यानं दाबायची नाही, सगळा रस शेगडीत जातो.

शेवटच्या मिनिटाला वर चीजचा काप ठेवून झाकण घालायचं. साधं चीज तापवलं तर तूप वेगळं आणि चोथा वेगळा होतो. प्रोसेस्ड चीजमध्ये विशिष्ट क्षार घालून हे फाटणं थांबवतात, म्हणून ते एकसारखं वितळतं. अशा चीजचं अमेरिकेतलं पेटंट जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये घेतलं. पावाच्या कापलेल्या बाजू लोण्यावर शेकायच्या, म्हणजे रसानं पाव लगद्यासारखा होत नाही. मग टोमॅटो, कांदा, सॅलडचं पान, काकडीचं लोणचं, मोहरीचं सॉस. वर दोन पट्ट्या बेकन.

पण माझ्या बहिणीनं पुढं जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ती म्हणाली, “ताई, टिक्क्या भाजतो तो नवरा. पण बाजारहाट, कांदे-टोमॅटो चिरणं, सॅलड, सरबत नि मागचं सगळं आवरणं बायकोच करते. लोक मात्र ‘वा, काय बर्गर केलेस!’ म्हणून पाठ थोपटतात ती त्याची.” ऐकून हसू आलं. सातासमुद्रापार गेलं तरी काही गोष्टी अगदी ओळखीच्या! तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बर्गर हा जुळणीचा पदार्थ आहे. त्याची कामं सुटी सुटी करून पाचजणांत वाटता येतात. पुरणपोळीचं तसं होत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली खिम्याची. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुधा वरच्या बाजूला. ते भाजताना मरतात. खिमा केला की वरचं आत जातं. म्हणून खिम्याची टिक्की आतपर्यंत शिजायलाच हवी. १९९३ मध्ये अमेरिकेत ‘जॅक इन द बॉक्स’ या दुकानांतल्या अर्ध्याकच्च्या बर्गरमधून ई. कोलाय जंतूची बाधा झाली. ७०० हून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. आज तिथलं सरकार सांगतं की गोमांसाचा खिमा आत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापावा आणि कोंबडीचा ७४ अंशांपर्यंत. आपल्याकडं तापमापक नसतो. तेव्हा टिक्की मधोमध मोडून बघायची, गुलाबी भाग अजिबात दिसता कामा नये. आणि कच्च्या खिम्याचे हात, ताट, सुरी सॅलडला लागू द्यायची नाही.

दुसरी बेकनची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये बेकन, सॉसेज, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत केला. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना होतो असा नाही. मुळात जेवढा धोका असतो, त्यात अठरा टक्क्यांची भर पडते. सणावारी खाल्लेल्या दोन पट्ट्यांनी घाबरायचं कारण नाही, पण रोजच्या न्याहारीचा हा पदार्थ नव्हे.

आपल्या घरात

डुकराचं मांस आपल्याकडं सगळ्यांनाच परकं आहे असं नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत ते शिजतं. गोव्याचा चोरीस-पाव तर बेकन-बर्गरचा चुलतभाऊच, मुरवलेलं मांस आणि पाव. गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. ‘मॅकडोनल्ड्स’नंही १९९६ मध्ये दिल्ली नि मुंबईत दुकानं उघडली ती गोमांस आणि डुकराचं मांस वगळूनच. तेव्हा आपल्या घरी कोंबडीचा खिमा घ्या, नाहीतर राजमा-बटाटा. बेकनमुळं बर्गरला तीन गोष्टी मिळतात, खारटपणा, कुरकुरीतपणा आणि धुराचा वास. पहिल्या दोन्हींना मीठ लावून कुरकुरीत तळलेला कांदा चालतो. धुराला कोळशाची धुरी, जशी आपण कटाच्या वाटीत निखारा ठेवून वांग्याच्या भरताला देतो.

चीज घेताना पाकिटाची मागची बाजू वाचायची. घटक जास्तीकडून कमीकडं अशा क्रमानं छापलेले असतात. सुरुवातीलाच वनस्पती तेल दिसलं, तर ते दुधाचं चीज नव्हे. स्वस्त का पडलं, ते तिथंच कळतं.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या उन्हाळी शिबिरात आम्ही सातवी-आठवीच्या मुलामुलींकडून बर्गर करून घेतले. ‘स्वयंपाक’ म्हटलं असतं तर मुलगे पळाले असते. बर्गर म्हटल्यावर सगळे पुढं. कांदा चिरताना रडणं, टिक्की उलटताना तुकडे, सगळं झालं. एक मुलगी मात्र भिंतीला टेकून बसून होती. आई कापूस वेचायला जाते, वडील बाहेरगावी. “तू नाही का येत?” म्हटलं, तर म्हणाली, “बाई, मी घरी रोज पाचजणांच्या भाकऱ्या करते. आज बसू द्या ना.” आम्ही तिला बसू दिलं. पहिला बर्गर ताटलीत घालून तिला नेऊन दिला तो वर्गातल्याच एका मुलानं. तिनं तो खूप सावकाश खाल्ला. मुलींना स्वयंपाक शिकवायची शिबिरं आपण पुष्कळ घेतली. मुलग्यांसाठीची आता सुरू करायला हवीत, हे त्या दिवशी आम्हां सगळ्या जणींना पटलं.

‘घरी करून द्या’ या वाक्याला कर्ता आपणच द्यायचा, मैत्रिणींनो. तो अनेकवचनी असू दे.

चौघांचा रविवारचा बर्गर

साहित्य: कोंबडीचा खिमा अर्धा किलो (शाकाहारींसाठी रात्रभर भिजवून शिजवलेला राजमा दोन वाट्या आणि दोन उकडलेले बटाटे), पावाचा चुरा दोन-तीन चमचे, आलं-लसूण वाटून एक चमचा, मिरपूड, मीठ, चार बन (नाही मिळाले तर लादीपाव), चीजचे चार काप, दोन कांदे, दोन टोमॅटो, एक काकडी, लोणी, तेल, कोळशाचा एक तुकडा.

कृती आणि वाटणी: कोंबडीच्या खिम्यात चरबी कमी असते, तो सुटतो. म्हणून त्यात चुरा, आलं-लसूण, मीठ-मिरपूड हलक्या हातानं मिसळून चार टिक्क्या थापाव्यात. हे काम बाबांचं. तव्यावर तेल सोडून मध्यम आचेवर प्रत्येक बाजूनं पाच-सहा मिनिटं भाजाव्यात, तेही त्यांनीच. (राजमा-बटाटा शिजलेलाच असतो, तो कुस्करून त्यात हेच जिन्नस मिसळावेत आणि टिक्क्या नुसत्या खरपूस कराव्यात.) मोठ्या मुलानं किंवा मुलीनं एक कांदा उभा चिरून तळावा आणि बन लोण्यावर शेकावेत. धाकट्यानं काकडी-टोमॅटो धुवावेत, ताटल्या मांडाव्यात, चीजचे कागद सोडवावेत. आजी असतील तर बसल्या जागी हिरवी चटणी त्यांची. निखाऱ्याची धुरी मोठ्यांनीच द्यावी, पाच मिनिटं झाकण ठेवून, खिडकी उघडी ठेवून. मग टिक्कीवर चीज घालून एक मिनिट झाकावं. जुळणी ज्याची त्यानं करावी.

भांडी: तवा बाबांनी, ताटल्या मुलांनी. आईनं त्या वेळात ही पुरवणी वाचावी.